बिअरला ताप चढला त्याची हकीकत

होर्नी लिपा,
ऑक्टोबरातला दुसरा रविवार

आदरणीय क्विडोराव यांस,
दालिबोरचा नमस्कार.

इकडे सगळं ठीक आहे. तुमची बहीण मिलादा ठीक आहे, फक्त जिना चढताना तिचा गुडघा दुखतो आणि उतरताना दुखत नाही, याचा अर्थ काय ते डॉक्टरलाही सांगता आलेलं नाही. बीट यंदा चांगलं आलंय. साखर कारखान्याकडे जाणारे ट्रॅक्टर दिवसभर दारावरून जातात आणि मी रिटायर झालो असलो तरी प्रत्येकाचं वजन खिडकीतून अंदाजाने करतो. (वजनकाट्यावर जन्म गेला, आता नजर सुधारायची नाही.) तुमच्या मातोश्रीही आता बऱ्या आहेत. ‘आता’ हा शब्द मी मुद्दाम घातलेला नाही, तो आपोआप उतरला. पण उतरलाच आहे तर राहू दे, पुढे खुलासा होईल. घाबरू नका. आणि तुमच्या सवयीप्रमाणे शेवटचं पान आधी वाचू नका, शेवटी नुसतं यंत्राबद्दल आहे.

तुमची प्रकृती कशी आहे? फोनवरच विचारलं असतं, पण तुम्ही फोन उचलता तेव्हा मीटिंगमध्ये असता आणि मीटिंगमध्ये नसता तेव्हा उचलत नाही. मोबाइलवर टाइप करावं तर माझं एकेक बोट तीन-तीन अक्षरांवर बसतं. म्हणून कागद घेतला. प्लझेनला पाऊस आहे का? इकडे नाही.

तर पत्राचं कारण म्हणजे तुम्ही ईस्टरला पाठवलेलं यंत्र. सुरुवातीलाच सांगतो, तुमच्या आतापर्यंतच्या यंत्रांमध्ये हे सर्वांत गुणी निघालं. घर झाडणारं ते चपटं यंत्र कपाटाखाली गेलं ते तिथेच राहिलं, आणि वेळ सांगणारं घड्याळ जर्मन बोलतं, त्यामुळे आईंनी त्याला उशीच्या अभ्र्यात घालून कपाटात ठेवलंय. हे मात्र कामाला आलं. फार कामाला आलं. नक्की कोणाच्या कामाला आलं एवढंच मला अजून नीट कळलेलं नाही, आणि तेच तुम्हाला विचारायचं आहे.

तुम्हाला आठवत असेल, पूर्वी मी आणि शेजारचा हिनेक बिअर कशी करायचो. मोडाचे जव कपडे उकळायच्या जुन्या हंड्यात शिजवायचे, त्यात कडवटपणासाठी हॉप्सची फुलं, मग गाळून, गार करून, यीस्ट घालून पिंप कोठीत ठेवायचं. एवढं झालं की खरा त्रास सुरू. आपली लेझाक जातीची बिअर म्हणजे हवेपाण्याच्या बाबतीत एखाद्या गायिकेसारखी. जरा गरम झालं की बिघडली, जरा गार झालं की रुसून बसली. मग मी ओली घोंगडी गुंडाळतोय, बर्फाच्या बाटल्या नेतोय-आणतोय, आणि हिनेक स्टुलावर बसून थर्मामीटर वाचतोय, असा आमचा महिना जायचा. (वाचायचा म्हणजे काय, चष्मा घरी विसरायचा आणि अंदाजाने सांगायचा.)

तुमच्या यंत्राने हे सगळं एका झटक्यात संपवलं. तुम्ही लिहिल्याप्रमाणे पिंप जुन्या आडव्या फ्रीझरमध्ये ठेवलं, ज्यात आपण डुक्कर कापल्यावर मांस ठेवायचो. फ्रीझरची पिन यंत्रात खोचली. यंत्राची ती लांब वायर पिंपाच्या अंगाला चिकटपट्टीने चिकटवली. आता पिंप गरम झालं असं वायरीला वाटलं की यंत्र फ्रीझर सुरू करणार, गार झालं की बंद करणार, आणि यंत्राच्या डबीवर तापमानाचे लाल आकडे दिसणार, एवढे मोठे की मांजरालाही वाचता यावेत. शिवाय तेच आकडे माझ्या मोबाइलवर. हे सगळं लागलं त्या दिवशी हिनेक नेहमीप्रमाणे आला आणि त्याने विचारलं, “मग आता मी काय करू?” मी म्हटलं, बस. तो म्हणाला, “बसून काय करू?” मी म्हटलं, आकडे बघ. तो बराच वेळ त्या दहाकडे बघत बसला. मग टोपी घालून घरी गेला आणि नंतर बोलावल्याशिवाय आला नाही. मला वाटलं त्याला काम असेल.

आता यंदाची बिअर साधीसुधी नव्हती. आपल्या गावच्या स्वयंसेवक अग्निशमन दलाचा मोठा वर्धापनदिन होता, नवा बंब यायचा होता, आणि हिनेक दलाचा प्रमुख असल्यामुळे ‘पिंप या वर्षी दालिबोरचं’ असं सभेत ठरलं. खानावळवाला नाराज झाला, तो मला अजून पाठ दाखवूनच वाढतो. म्हणजे माझी इज्जत त्या पिंपात होती म्हणा ना. मोबाइलमध्ये प्रत्येक बिअरला नाव द्यावं लागतं, मी ‘अग्निशामक’ दिलं. आंबायचं काम छान झालं. मग नुसतं अगदी गारठ्यात मुरत ठेवायचं उरलं, आणि तेवढ्यात तुमच्या भाचीचा, राडकाचा, ब्र्नोहून निरोप आला की घर बदललंय, भिंती रंगवायच्या आहेत, या.

आईंना चला म्हटलं. त्या म्हणाल्या, मी रंगाचा वास घ्यायला ब्र्नोला येणार नाही, इथे मोकळा श्वास घेते. (हे वाक्य नंतर मिलादाला फार लागलं, कारण त्या वेळी त्यांचा श्वास मोकळा नव्हताच. थोडं खोकत होत्या. विचारलं तर म्हणाल्या, भाजलेल्या जवाची धूळ आहे, तुझ्या नवऱ्याला सांग.) आम्ही लसणाचं सूप करून ठेवलं, मनुका घातलेले गोड पाव, कोलाचे, ठेवले आणि हिनेकला किल्ली देऊन सांगितलं की येता-जाता डोकाव. आता हिनेकचं आणि त्यांचं किती पटतं ते तुम्ही जाणताच. वाईन म्हणजे नासलेला द्राक्षांचा रस असं तो आपल्या घरी जेवायला बसून म्हणाला होता, आणि आई जिथून आल्या तिथे माणसाला पाण्याआधी वाईन पाजतात. त्यामुळे संध्याकाळी त्याने दार वाजवलं तेव्हा आतून उत्तर आलं, “जिवंत आहे, जा.” तो गेला. त्याला दोष कसा द्यायचा?

इकडे ब्र्नोमध्ये मी शिडीवर. मोबाइल कोटात, कोट खुर्चीवर, खुर्चीवर प्लास्टिक, आणि प्लास्टिकवर राडकाच्या नवऱ्याने ठेवलेले रंगाचे डबे. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायला बसताना कोट काढला तर मोबाइलमध्ये यंत्राच्या निरोपांचा ढीग. ‘अग्निशामक गरम होत आहे.’ ‘अग्निशामक फार गरम झाली आहे.’ ‘चव बिघडण्याची शक्यता आहे, कृपया लक्ष द्या.’ मी आकडा पाहिला, अडतीस. क्विडोराव, बिअर दोनवर ठेवली होती. मी डोळे पुसले. अडतीस पूर्णांक चार झाले.

तुम्ही शिकलेले आहात, तुम्हाला लगेच कळलं असतं. मला काही कळेना. यीस्ट पुन्हा जिवंत होऊन माजलं म्हणावं, तर यीस्ट एवढं तापत नाही. फ्रीझर जळाला म्हणावं, तर आकडा असा अर्ध्या-अर्ध्या अंशाने चढला नसता. घराला आग लागली म्हणावं, तर अडतीसवर थांबणारी आग मी ऐकलेली नाही. राडकाचा नवरा म्हणाला, मोबाइल बंद करून चालू करा. केला. अडतीस पूर्णांक सहा. आईंना फोन लावला, पण त्या फोन उचलत नाहीत, कारण त्यांच्या मते फोनवर फक्त गाद्या विकणारे असतात. मग हिनेकला लावला आणि म्हटलं, धावत जा, पिंप तापलंय. ते बोलणं मी जसंच्या तसं लिहितो, कारण तेव्हापासून ते माझ्या डोक्यातून जात नाही.

“पिंप गार आहे,” हिनेक म्हणाला.

“गार कसं असेल? अडतीस दाखवतंय.”

“अरे, गार म्हणजे गोठलंय. वर बर्फ आहे. फ्रीझर तर नुसता ओरडतोय.”

“मग आकडा?”

“डबीवरही अडतीसच आहे. यंत्र तुझ्या मेहुण्याचं आहे ना? मग झालं.” (हे तुम्हाला लिहिणार नव्हतो, पण ओघात आलं.)

“वायर पिंपाला नीट चिकटली आहे का बघ.”

“वायर पिंपाला नाहीच.”

“मग कुठे आहे?”

“फ्रीझरच्या झाकणातून बाहेर गेलीय.”

“हिनेक, वायर हातात धर आणि ती जाते तिकडे जा.”

थोडा वेळ त्याच्या बुटांचा आवाज आला. मग तो एकदम हळू आवाजात म्हणाला, “दालिबोर, वायर तुझ्या सासूच्या पांघरुणात गेलीय.”

मी विचारलं, पांघरुणात म्हणजे कुठे? तो म्हणाला, “मी विधुर माणूस आहे, मी पांघरूण उचलणार नाही.” मी म्हटलं, त्यांना हाक मार. त्याने मारली. पलीकडून काहीतरी पुटपुटल्याचं मला ऐकू आलं. एरवी त्या हिनेकशी पुटपुटत नाहीत, चांगल्या ठणकावून बोलतात. “ही शिव्या देत नाहीये मला,” हिनेक म्हणाला, आणि त्याचा आवाज बदलला. मी अजूनही शिडीला टेकून बिअर एवढी तापली कशी याचाच विचार करत होतो. मिलादाने मोबाइल माझ्या हातातून हिसकावून घेतला, आकडा बघितला आणि म्हणाली, “हा बिअरचा आकडा नाहीये रे, हा आईचा आहे.”

क्विडोराव, बसा. बसला नसाल तर बसा. आईंना न्यूमोनिया झाला होता. आता बऱ्या आहेत, हे मी वर लिहिलंच आहे.

झालं होतं असं. आम्ही निघालो त्याच दिवशी त्यांना कणकण वाटली. पाऱ्याचं थर्मामीटर त्यांच्या हातून मागेच फुटलं होतं. आपल्या कोठीला लागून त्यांची खोली, दार उघडं ठेवलं की पलंगावरून डबीचे लाल आकडे चष्म्याशिवाय दिसतात. त्यांनी फ्रीझर उघडला, चिकटपट्टी सोडवली, वायर ओढत नेली आणि काखेत धरून आडव्या झाल्या. मग ताप चढला, त्यांना गुंगी आली आणि वायर तिथेच राहिली. यंत्राचा बिचाऱ्याचा यात काय दोष? त्याला कोणी सांगितलंच नाही की पिंप बदललंय. ते आईंना दोन अंशांवर आणण्यासाठी रात्रभर आणि दिवसभर झटत होतं, आणि आई तापत होत्या तसतसं तिकडे माझी बिअर गोठत होती.

हिनेकने ॲम्ब्युलन्स बोलावली. तो दलाचा प्रमुख असल्यामुळे त्याला नंबर पाठ आहे. ती येईपर्यंत ताप उतरवायला काहीतरी गार पाहिजे म्हणून त्याने फ्रीझर उघडला. आता त्या फ्रीझरमध्ये गार एकच वस्तू होती. त्याने पिंपातला बर्फ फोडला, टॉवेलमध्ये बांधला आणि आईंच्या कपाळावर आणि मानेवर ठेवला. त्यात वितळला तो उशीवर, केसांत, गाऊनवर. ॲम्ब्युलन्सवाल्यांनी खोलीत पाऊल टाकलं, वास घेतला, एकमेकांकडे पाहिलं. आम्ही ब्र्नोहून थेट इस्पितळात पोचलो तेव्हा नर्सबाईंनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाल्या, या वयात एवढी बिअर पिऊ देता? तुम्ही घरातले कशाला आहात मग? मी खरं ते सांगितलं. वायर, पिंप, बर्फ, सगळं ओळीने सांगितलं. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि विचारलं, तुम्हीही थोडी घेतली आहे का?

डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने विचारलं ताप कधीपासून आहे. मिलादा रडत होती, हिनेकला माहीत नव्हतं, आई बोलण्याच्या स्थितीत नव्हत्या. मी मोबाइल पुढे केला. त्यात आदल्या दिवसापासूनचा ताप, कधी चढला, कधी जरा उतरला, पुन्हा कसा चढला, अगदी डोंगराच्या चित्रासारखा. डॉक्टर बघतच राहिली. मग म्हणाली, “रुग्णाचं नाव आपोलेना ना?”

“हो.”

“मग हे अग्निशामक कोण?”

मी म्हटलं, ती बिअर. तिने पुढचा निरोप मोठ्याने वाचला: चव बिघडण्याची शक्यता आहे, कृपया लक्ष द्या. ती हसली नाही याबद्दल मी तिचा आभारी आहे. म्हणाली, लक्ष दिलंत हे बरं केलंत, आणखी एक रात्र गेली असती तर मी काही सांगू शकले नसते. नंतर मी बाहेर जाऊन एका बाकावर बसलो. मला वाटलं रडू येईल, पण माझ्या डोक्यात सारखं एवढंच येत होतं की बर्फ फोडला तर पिंपात उरलं काय असेल?

तेही सांगतो. पाण्याचा बर्फ वर काढला गेला आणि खाली जे उरलं ते निम्मंच होतं, पण काळं-लाल, घट्ट आणि दुप्पट कडक. हिनेकने चाखलं, विचार केला आणि कोणालाही काही न सांगता वर्धापनदिनाला नेहमीच्याच मोठ्या मगांतून वाढलं. मी इस्पितळात होतो, मला काही कल्पना नव्हती. ऐकतो ते असं की पाद्रीबाबांनी आधी नव्या बंबाला आशीर्वाद दिला, मग रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या पाववाल्याच्या गाडीला दिला, आणि नंतर पोस्टमनच्या सायकलीला, तेही पोस्टमन तिच्यावर बसलेला असताना. बँडने एकच गाणं वाजवलं, पण ते संपवलं नाही. लोक म्हणतात अशी बिअर या गावात झाली नाही, पुढच्या वर्षीही हीच कर. मी आता कशी करू? दर वर्षी त्यासाठी आईंना न्यूमोनिया व्हायला पाहिजे का? सभेने माझं अभिनंदन केल्याचा कागद घरी आलाय. तो भिंतीवर लावावा की परत करावा ते ठरत नाही.

आता आई घरी आहेत. जेवतात, भांडतात, संध्याकाळी थोडी वाईन घेतात. त्यांच्या कागदपत्रांत ‘दाखल करताना मद्याचा वास’ असं लिहिलंय हे त्यांना कळलं. राग वासाचा नाही, बिअरच्या वासाचा आहे. आजारपणाचं तुम्हाला कळवायचं नाही अशी त्यांनी आम्हा दोघांना शपथ घातली होती. म्हणाल्या, क्विडोला कामं असतात. घरी आल्यावर शपथ सुटली असं मिलादा म्हणते, म्हणून लिहितोय. रागावू नका.

एका गोष्टीने मात्र माझं डोकं फिरलंय. यंत्र बसवलं तेव्हा मी मोठ्या ऐटीत त्यांना समजावलं होतं की ही वायर ज्याला लावली त्याचं मला कुठेही बसून कळतं. त्या तेव्हा बटाटे सोलत होत्या. परवा सूप नेऊन दिलं तेव्हा मी विचारलं, आई, खरं सांगा, तुम्ही नुसता ताप बघायला वायर घेतली, की मला कळावं म्हणून घेतली? त्या म्हणाल्या, “मला काय कळतंय त्यातलं.” मग चमचा खाली ठेवला आणि म्हणाल्या, “पण तुझा मोबाइल कुठे होता रे दिवसभर?”

मी सूप गार होतंय म्हणालो.

असो. पत्र फार लांबलं. मिलादाचा नमस्कार, आईंचा आशीर्वाद, हिनेकचाही नमस्कार. (तुमच्या यंत्राला बोलल्याबद्दल तो माफी मागत नाही, पण यंत्राने काम चोख केलं असं म्हणतो.)

आपला,
दालिबोर

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. या यंत्राला दोन वायरी लागू शकतात का? आई वायर परत देत नाहीत, ती त्यांच्या उशीखाली असते. त्यामुळे मी पुन्हा ओल्या घोंगड्यांवर आलोय, आणि हिनेक रोज स्टुलावर येऊन बसतो. अर्धा वेळ पिंपाकडे बघतो, अर्धा वेळ उघड्या दारातून आईंशी वाईनवरून वाद घालतो. परवा त्या दोघांनी मला बाहेर जायला सांगितलं. तेव्हा दुसरी वायर नक्की पाहिजे का, हेही मला नीट सांगता येत नाही.

ता. क. (दुसरा) काल रात्री आईंनी विचारलं की हा आकडा प्लझेनलाही दिसतो का. मी म्हटलं, क्विडोच्या मोबाइलवर आणायचा तर सहज येईल, लिहू का त्याला? त्यांनी उशीखालची वायर चाचपली. मग म्हणाल्या, “नको. आकडा दिसला की तो आणखी एक यंत्र पाठवेल.”

ता. क. (हे मिलादा लिहितेय. हा पाकीट बंद करत होता, मी थांबवलं.) दादा, दोन वायरींचं वगैरे काही मनावर घेऊ नकोस. आई बरी आहे, पण खूप हलकी झालीय, उचलताना कळतं. वरची खोली झाडून ठेवलीय. शनिवारी सकाळच्या गाडीने निघ, मी स्टेशनवर येते. हात हलवत ये.